कागदाच्या ग्लासातलं पाणी

सगळं थिएटर हसलं. मी हसले नाही.

पडद्यावर नायिका पहिल्यांदाच पोराच्या घरी आलेली. बैठकीत चार माणसं, चौघांच्या हातात स्टीलचे पेले. पोराची आई आतून येते आणि हिच्या हातात कागदाचा ग्लास देते. नायिका पेल्यांकडे बघते, ग्लासाकडे बघते, डोळे फिरवते. मागं गमतीचं संगीत. माझ्या शेजारची बाई हसून हसून पदरानं डोळे पुसत होती.

तो ग्लास माझा होता.

बाहेर पोस्टरवर लिहिलं होतं, आजच्या पोरीची प्रेमकहाणी, पोरीच्याच नजरेतून. दिग्दर्शकानं पोरीची नजर कुठून आणली ते मला माहीत होतं. दोन वर्षांपासून त्याचं-माझं जमलेलं होतं. सिनेमा लागला की घरी लग्नाचं बोलतो, असा त्याचा शब्द होता. म्हणून तर मी त्या दिवशी पहिल्या खेळाला इस्त्रीची साडी नेसून गेले होते.

आमची ओळख मोबाइलवरच्या ॲपवर झाली. मी लातूरला खाजगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. ॲपवर अंतर पाच किलोमीटर ठेवलं की आमच्याच क्लासचे फिजिक्सचे सर दिसायचे, दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत. पण तिथं आडनाव लिहायची जागा नव्हती, नुसतं नाव. मला ते फार आवडलं. मी बौद्ध, देवणीकडच्या खेड्यातली. आमचं आडनाव ऐकलं की समोरचा माणूस आधी चेहरा नीट करतो, मग बोलतो.

हा उदगीरचा. घरचं आडतीचं मोठं दुकान. तिसऱ्या भेटीत मी आपणहून आडनाव सांगून टाकलं. त्यानं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "आडनावाला काय चाटायचंय का?" या एका वाक्यावर मी भाळले.

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं यायचं. नळ कधी येणार हे विचारायचंही लोकांनी सोडलं होतं. आम्ही खोलीवरच्या पोरी कागदाच्या ताटलीत जेवायचो आणि ताटली फेकून द्यायचो, कारण भांडी विसळायला पाणी नव्हतं. हे ध्यानात ठेवा. माझी फसगत यातूनच झाली.

त्याच उन्हाळ्यात तो मला घरी घेऊन गेला. मैत्रीण म्हणून. बैठकीत त्याचे काका आणि तीन पाहुणे बसलेले. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, यावर जोरात बोलणं चाललेलं. त्याच्या आईनं मला विचारलं, "गाव कोणतं म्हणालीस? आन् आडनाव?"

मी सांगितलं. "बरं," म्हणून ती आत गेली.

आत तिनं सुनेला कन्नडमधून सांगितलं, "हिला कागदाच्यात दे." त्यांच्या घरात कन्नड चालायची. मला कळणार नाही असं तिला वाटलं असेल. आमचं गाव सीमेवरचं. खुरपायला कन्नड बोलणाऱ्या बायाच जास्त. आईबरोबर त्यांच्या ओळीत बसून मी लहानपणीच ती भाषा शिकले.

पाणी आलं. चौघांना स्टीलच्या पेल्यात, मला कागदाच्या ग्लासात. मी प्यायले. तहान लागली होती.

परतताना त्याला विचारलं. तो म्हणाला, "पेले? म्या तर बघितलंच न्हाई. अगं दुष्काळ हाय, भांडी घासायला पाणी कुठाय? संशय लई घेतीस तू."

खोलीवर आले तर मैत्रीण कागदाच्या ताटलीतच भात खात होती. वाटलं, खरंच की. कानांनी ऐकलं होतं, तरी वाटलं. मीच त्याला फोन केला आणि माफी मागितली. हे लिहिताना अजून अंगाचा तिळपापड होतो.

मग मी त्याला सगळं सांगत गेले. त्याच्या आधी भेटलेल्या पोरांचे किस्से. एकजण पहिल्याच भेटीला आईला घेऊन आला होता. एकानं आईस्क्रीम संपायच्या आत जन्माची वेळ विचारली. एकाला आडनाव कळलं आणि तो "हात धुऊन येतो" म्हणून जो गेला तो गेलाच. मी हसत सांगायची, कारण रडत सांगितलं तर कुणी ऐकत नाही. तो म्हणायचा, "अजून सांग." मला वाटायचं, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मन लावून ऐकतंय. तो लिहून घेत होता.

ते सगळं पडद्यावर होतं. माझ्याच शब्दांत. फक्त पोरगी पुण्याची, गोरी, बाप बँकेत, आडनाव कुणालाच न खुपणारं. हात धुवायला पळालेला पोरगा तिचा पगार ऐकून पळतो. आई कागदाचा ग्लास देते, कारण पोरगी अंडं खाते. त्यानं माझ्या गोष्टीतून एकच गोष्ट काढली, जात. ती काढल्यावर माझ्याबरोबर जे जे झालं ते सगळं गमतीचं झालं.

तरी चोरीचं एवढं नाही. मला लागले ते पेले. पडद्यावर चार पेले होते, स्टीलचे, प्रत्येकाच्या हातात नीट दिसतील असे. म्हणजे त्यानं तेव्हाच बघितलं होतं. सगळं बघितलं होतं आणि मला संशयी म्हणाला होता.

दिवे लागले. तो स्टेजवर गेला आणि म्हणाला, "एका बाईनं बोलावं असं वाटतं. ही माझी जवळची मैत्रीण. हिच्याशी बोलूनच मला बाईचं मन कळलं." टाळ्या पडल्या. माझ्या हातात माईक आला.

मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. वर्गात मी पुस्तकी बोलते. त्या दिवशी तोंडातून गावचीच भाषा आली.

"त्यो कागदाचा गिलास माझा हाय. उदगीरला ह्याच्या आईनं मला दिला. अंडं खाती म्हणून न्हाई, बौद्ध हाय म्हणून. ह्यो म्हणला, पाणी न्हाई. मग चौघांचे पेले कशानं धुतले, एवढं ह्याला इचारा."

मघाची बाई स्वतःच्या मांडीकडे बघत होती. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "इथं नको. घरी बोलू."

"तुझ्या घरी मला पेला न्हाई. इथंच बोलते."

त्यानं माईक काढून घेतला आणि लोकांकडे बघून हसला. "बघा, सिनेमा किती खरा झालाय." काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्लासापेक्षा त्या टाळ्या जास्त लागल्या.

मी रडले. खोटं कशाला बोलू. तीन दिवस क्लासला गेले नाही. त्याच्यासाठी रडले, आणि त्याची माफी मागणाऱ्या त्या पोरीसाठी जास्त रडले. चौथ्या दिवशी त्याचा मेसेज आला, "माझं दोन वर्षांचं काम मातीत घातलंस. आपण लग्न करणार होतो."

मी लिहिलं, "सिनेमा दाखव. पण त्या पोरीला माझं आडनाव लाव. तोवर जिथं लावशील तिथं मी येणार आणि बोलणार." त्यानं माझा नंबर ब्लॉक केला.

पुढचा खेळ नांदेडला आहे. मी तिकीट काढलंय. या वेळी मला कुणी माईक देणार नाही, हे मला माहीत आहे. न देऊ देत. मी शंभर पोरांचा वर्ग घेते. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.