‘गिव्ह अप’चं खरं वाक्य

जामखेडला माझा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास आहे. मी शिकवलेलं किती जणांच्या डोक्यात राहिलं, देव जाणे. किस्से मात्र माझ्या डोक्यात साठून बसलेत. एकटं ‘गिव्ह अप’च घ्या. गिव्ह अप म्हणजे सोडून देणं. सवय, नोकरी, आशा, काहीही! माझा नियम एकच, वाक्य स्वतःच्या घरातलं आणि खरं पाहिजे. हा नियम मला लई महागात पडलाय!

*

रिटायर्ड कंडक्टर बन्सीकाका ऐटीत उठले. “आय गेव्ह अप शुगर!”

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, “सर, निस्ती चहातली सोडली. गुळाची ढेप कोन संपावतंय, ते इचारा की!”

*

गावचे पुढारी असलेल्या नानांनी सकाळच्या बॅचला सांगितलं, “आय गेव्ह अप पॉलिटिक्स.” मला भरूनच आलं. संध्याकाळी बघतो तर चौकात नानांचा फ्लेक्स, हात जोडलेला!

“नाना, हे काय?”

“सकाळी सोडलंच हुतं, सर. दुपारी लोकं ऐकंनात!”

*

पूजा कॉलेजची पोरगी, एरवी तोंडातून शब्द नाही. ती उठून म्हणाली, “आय गेव्ह अप वन बॉय.”

माझ्या हातातला खडू पडला. मागच्या बाकावर तिचा सख्खा चुलता!

“कोन त्यो?” चुलता ओरडला.

“सोडला म्हनलं ना काका! आता नाव कशाला?”

*

अलका दरवर्षी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, कोर्स अर्धाच राहायचा. यंदा एका दवाखान्यात काउंटरची नोकरी ठरली होती. अट एवढीच की कोर्स पूर्ण करायचा. आणि भर वर्गात दारात माणसं-बोचक्यांनी भरलेला ऊसतोडीचा ट्रॅक्टर येऊन उभा! तिचा नवरा दत्तू आत आला. “चल, मान्सं खोळंबलीत.”

अलका उभी राहिली.

“सर, माजं वाक्य राह्यलंय. आय गिव्ह अप कोयता.”

“काय म्हनली?” दत्तूनं मला विचारलं. मी भीतभीत सांगितलं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, एकट्याला कुणी घेत नाही.

“येड लागलं का तुला?” दत्तू म्हणाला. “कोयता जोडीचा असतोय. एकटीनं कसा सुटंल?”

“मंग जोडीनंच सोडू.”

बाहेर हॉर्न वाजला. दत्तू दारात गेला आणि ओरडला, “अय, आमचं बोचकं खाली टाक!”