वाचवलेला चौथा खण

चहा घ्या. बिनसाखरेचा आहे, त्याचं कारण पुढे येईल. माझ्या मनगटावरचे हे दोन ओरखडेही बघून ठेवा. लोकांना मी मांजर सांगतो. तुम्ही आपले, म्हणून खरं सांगतो. फक्त हसताना कप सांभाळा.

अख्खी नोकरी मी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात काढली. तिथे एकच शहाणपण शिकलो: कपाटात रिकामा कप्पा दिसू द्यायचा नाही. दिसला, की दुसऱ्या दिवशी शेजारच्या विभागाची बाडं त्यात येऊन बसतात आणि आपण निवृत्त झालो तरी उठत नाहीत.

निवृत्तीनंतर वेळ जाईना, म्हणून भाचा निलेशच्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसू लागलो. तो मोटर कंट्रोल सेंटर बनवतो. घाबरू नका, नाव मोठं आहे इतकंच. हे एक लांबलचक लोखंडी कपाट. कारखान्यातल्या प्रत्येक मोटारीला त्यात एक कप्पा, आणि त्या कप्प्यात ती चालू-बंद करणारी सामग्री. आता कपाट म्हटल्यावर माझ्या अंगात काय संचारलं असेल?

कळवणकडच्या एका टोमॅटोच्या कारखान्याची ऑर्डर त्याला मिळाली होती. पहिलीच मोठी, ही नीट गेली तर पुढचंही काम त्यालाच. निलेश उरलेलं सामान आणायला चार दिवस पुण्याला निघाला. जाताना ड्रॉइंग देऊन म्हणाला, "मामा, कुठल्या कप्प्यात काय, याची सुवाच्य यादी करून बबन मिस्त्रीला द्या. बाकी काही करू नका."

शेवटचं वाक्य मला नुसतं शिष्टाचाराचं वाटलं.

ड्रॉइंग बघितलं, तर जागेची नुसती उधळपट्टी. दोन-दोन कॉन्टॅक्टरांमध्ये, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या डब्यांमध्ये, फट. कप्प्यांशेजारून वरपासून खालपर्यंत एक उभी गल्ली, अख्खी मोकळी. आणि तीन कप्प्यांवर तर चक्क 'राखीव' लिहिलेलं. मी पुठ्ठ्याचे तुकडे कापले, मांडले, पुन्हा मांडले. चार उभ्या खणांचं कपाट तीन खणांत बसवलं. इतकं गच्च, की मुंगीला अर्ज करूनच आत जावं लागलं असतं.

बबन मिस्त्री हरसूलकडचा, कमी बोलणारा. त्याने माझा कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"लय भारी बसवलंय, मामा. पन वायर कुठून न्यायची?"

"फटीफटीतून."

"फट हाय कुठं?"

"मिस्त्री, वायर वाकते."

"माझा हात नाय वाकत ना. निलेशभाऊला फोन लावू का?"

"कशाला? आल्यावर बघेल आणि खूश होईल."

त्याने मला क्षणभर निरखलं. "बरं. तुमी मालकाचे मामा," म्हणाला आणि ड्रिल उचललं. कचेरीत याला 'आपल्या आदेशानुसार' असा शेरा म्हणतात. तो शेरा माणूस कधी मारतो, हे मला तरी कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी निलेश आला तो कारखान्याच्या इंजिनिअर पगारे मॅडमना घेऊनच. त्याने कपाट पाहिलं. मग मागे जाऊन आला, चौथा खण तिकडे ठेवलाय का म्हणून.

"हे कोणी केलं?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"मी," मी पुढे झालो. "एक अख्खा खण वाचवला."

"छान. काका, तो मागच्या रांगेतला रिले बिघडला असं समजा. त्याचा स्क्रू सैल करून दाखवा."

बबनने स्क्रूड्रायव्हर पुढे केला, सत्यनारायणाचा प्रसाद द्यावा तसा.

हात मनगटापर्यंत ऐटीत गेला. मग घड्याळ दोन कॉन्टॅक्टरांच्या मध्ये अडकलं. पुढे जाईना, मागे येईना.

"मामा, काय झालं?" निलेश.

"काही नाही. पाहतोय."

बराच वेळ मी पाहत होतो.

"मामा, हात वाकवून बघा ना," बबन म्हणाला.

मला सोडवायला दोन कॉन्टॅक्टर उतरवावे लागले; पहिला ओरखडा तेव्हाचा. तोवर मॅडमनी समजावलं: फटी गरम हवेसाठी, गल्ली केबलींसाठी, राखीव कप्पे उद्याच्या नव्या मोटारींसाठी. "आणि थोडी जागा माणसाच्या हातासाठी, काका."

निलेश पुढे झाला. "मॅडम, ऑर्डर?"

"ड्रॉइंगप्रमाणे पुन्हा करा. दहा दिवस देते. यादी मात्र दुसऱ्या कोणाकडून."

निलेश आणि बबनने ऑर्डर दहा दिवसांत पुरी केली, आणि पुढचं कामही मिळालं. भाच्याने ते तीन खणांचं रिकामं कपाट टेम्पोत घालून माझ्या घरी पाठवलं. हेच ते, तुमच्या मागे आहे.

बायकोने त्यात स्वयंपाकघर लावलं. खालच्या कप्प्यात मागे एकटा साखरेचा डबा, पुढे सगळं मोकळं. मी विचारलं, तर म्हणाली, "हात जायला नको का?"

काल ती बहिणीकडे गेली. मी त्या मोकळ्या जागेत माझे जुने दिवाळी अंक लावून टाकले. अगदी गच्च.

दुसरा ओरखडा आज सकाळचा आहे. साखर तुम्हाला मिळाली असती, पण अंक हलेनात आणि बबन फोन उचलत नाही.