तोताराम नानांचा जपानी खासदार

सावद्याच्या तोताराम नानांना निवडणुकीची भारी हौस. नगरपालिकेला तीनदा उभे राहिले, तीनदा पडले, आणि दर वेळी निकालाच्या संध्याकाळी केळीच्या मळ्यात भरिताची पार्टी दिली. "वांगे आनेल आहेत, ते काय निकाल पाहून शिजतीन?" असं वर विचारायचे. ज्यांनी मत दिलं नाही तेही पोटभर जेवून जायचे. कसली लाज नि कसलं काय!

अशा नानांचा जिवलग दोस्त कोण, तर जपानचा एक नगरसेवक. मोरिवाकी त्याचं नाव. केळी पाहायला आलेल्या जपानी मंडळींत तो होता. भरीत खाताना नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी पठ्ठ्यानं पुन्हा वाढून घेतलं. झाली गट्टी! सावदेकरांनी त्याचा मोरेभाऊ करून टाकला. नानांची लेक भाविका जपानी शिकलेली, पुण्यात नोकरीला. फोनवर दोघांचं बोलणं तीच पोचवायची. मोरेभाऊ रोज सकाळी रेल्वे स्टेशनासमोर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून नमस्कार करतो, हे ऐकून नाना चाटच पडले. पुढे तो त्यांच्या प्रांताच्या सभागृहात निवडून गेला, तेव्हा नानांनी चौकात पेढे वाटले.

मग गडी खासदारकीला उभा राहिला आणि सपाटून पडला. लोकांची वाकून माफी मागितली आणि घरात बसला. राजकारण सोडलं, आता कोणाला तोंड दाखवणार नाही, एवढाच निरोप भाविकाला आला. नानांना घास गोड लागेना. इतका गुणाचा माणूस असा वाया जाणार?

"तो पडला, मग त्याची पार्टी कोण देईन?" शेवंताबाई नवऱ्याला म्हणाल्या.

नाना ताडकन उठले. वांगी आली, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या, निम्मं सावदा मळ्यात लोटलं. सुट्टीला आलेल्या भाविकाने व्हिडिओ कॉल लावला. उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला, तेव्हा कुठे मोरेभाऊचा सुकलेला चेहरा दिसला.

"हे पाह्य, सारे तुझ्या पडण्याचं जेवून राह्यले!" नाना फोनमध्ये ओरडले. "तू तोंड लपवलं, तर ज्यांनी तुले मत दिलं त्यांनी कोणाकडे पाह्यचं रे?"

भाविकाने ते जपानीत सांगितलं. मोरेभाऊने मळ्यातल्या पंगती नीट निरखून पाहिल्या. मग, पडलेल्या माणसाचं एवढं कौतुक कधी पाहिलं नव्हतं, असं म्हणाला आणि हसला एकदाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा स्टेशनासमोर नमस्कार करत उभा होता.

पुढच्या निवडणुकीत तो निवडून आला. भाविकाचा फोन येताच सावद्यात गुलाल उडाला, फटाके फुटले. नाना मात्र मळ्याच्या बांधावर बसून ढसाढसा रडायला लागले. शेवंताबाई घाबरून धावल्या.

"अहो, तीनदा पडले तेव्हा डोळ्यातून टिपूस नाही काढलं, अन् आज काय झालं तुम्हाले?"

"अवं," नाना उपरण्याने नाक पुसत म्हणाले, "जिंकल्यावर काय करतात, हे मले कुठी माहीत आहे?"