पपईच्या रोपांवरची जाळी

भर चैत्रातल्या दुपारी मी पपईच्या कोवळ्या रोपांवरची हिरवी जाळी काढली आणि माझ्याच साखरपुड्याच्या मांडवावर टाकली. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि ती तर त्याच मांडवात बसली होती!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. निमोण्यातल्या एका रोपवाटिकेत मी 'शिकलेला' माणूस म्हणून होतो. रोपांचं खरं बघायचे ते आबा. घरची मेंढरं गेली, तेव्हापासून ते रोपं वळायचे म्हणा ना. जाळी एकदम काढायची नाही, हा त्यांचा नेम. आज तासभर कोवळं ऊन, उद्या दोन तास — आठ-दहा दिवसांत रोप उन्हाला सरावतं.

मला कुठला एवढा धीर? दौंडचे सोयरे यायचे होते, मांडवाला कापड कमी पडलं. मालक शिरूरला गेलेले, आबा पाणी देऊन परगावी. म्हटलं, दोन तासांनी काय होतंय? पण सोयरे जेवले, तिथंच लवंडले, चार वाजले. आणि मी? झेंडूच्या माळांखाली, सावलीत बसून पेढे खात होतो.

जाळी परत टाकायला गेलो, तर पानं पांढरी पडून कागदासारखी वाजत होती. दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं. आणि मी म्हणालो, "आबांनी पाणीच दिलं नसेल."

आबा समोरच उभे होते. त्याच दिवशी त्यांचं काम गेलं. पुढं कुणीच त्यांना रोपांना हात लावू दिला नाही. शेवटी ते दौंडला लेकीकडं गेले.

स्वतःच्या फजित्या रंगवून सांगणारा मी, ही एक तेवढी गिळली. अजूनही शेडनेटखाली शिरलो, हातावर तो हिरवा उजेड पडला, की वाटतं — मागं कुणीतरी उभं आहे.

बारा वर्षांनी, सासुरवाडीला गेलो असताना, आबांच्या दारात गेलो. सांगायचंच असं ठरवून. चहा प्यालो. पाऊसपाण्याचं बोललो. उठलो. चपला घालत होतो, तेव्हा आबा म्हणाले,

"भाऊसाहेब, त्या जाळीला झेंडूच्या पाकळ्या अडकल्या हुत्या. मालक यायच्या आदी म्याच येचून टाकल्या — नवी सोयरीक, मोडाय नगं म्हनून. वाटलं, तुमी सोताच बोलाल. आन् आज बी निस्ता च्या पिऊनच चालला व्हय?"