पंखा शून्य

कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कारभारी, आणि ड्रायव्हर म्हणजे त्या कारभाऱ्याला एकेका चिपचं म्हणणं समजावून सांगणारा. असे ड्रायव्हर लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. बाभुळगावच्या घरात बसून करते, आणि चांगलं करते. उगाच लाजायचं कशाला?

त्या वर्षी एका बारक्या चिपचा ड्रायव्हर लिहिला. चिप तीनच गोष्टी मोजायची: मशीनचं तापमान, व्होल्टेज आणि पंख्याचा वेग. मी त्यात माझं शहाणपण घातलं. पंखा दहा मिनिटं थांबलेला दिसला की ड्रायव्हरनंच मशीन बंद करून टाकायचं, म्हणजे ते जळायला नको. कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्या परदेशातल्या गृहस्थांनी हे साफ नाकारलं. ड्रायव्हरनं आकडे द्यावेत, धोक्याचा इशारा द्यावा, पण बंद करायचं की नाही ते वापरणाऱ्यांवर सोडावं, असं त्यांचं म्हणणं. माझं डोकंच फिरलं. यांनी आमचं एप्रिलचं ऊन पाहिलंय का कधी?

मी हट्टानं मशीन बंद करणारी माझीच प्रत, काका कामाला होते त्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात चालवली. काका तिथं यार्ड सांभाळायचे. कापसाच्या ढिगांत खुपसलेल्या सळ्यांवरून आतली उष्णता वाचायची आणि ती वाढली की भोंगा वाजवायचा, एवढ्यासाठी मीच तीच चिप आणि पंखा असलेला एक छोटा कॉम्प्युटर डब्यात घालून बसवून दिला होता.

आठवड्याच्या आतच एका दुपारी ढीग आतून धुमसला. भोंगा वाजलाच नाही. हमालांना वास आला, त्यांनी धावत जाऊन ढीग फोडला, पाणी मारलं, म्हणून निभावलं. डबा बंद सापडला. जिनिंगचे मालक शेठजी सगळ्यांदेखत काकांना म्हणाले, "भोंग्यानं झोपमोड होते म्हणून तुम्हीच बटण दाबलं. उद्यापासून येऊ नका."

काका घरी आले आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. सारं आयुष्य त्या यार्डात उभं राहून काढलेला माणूस, आणि त्याला झोपाळू म्हणायचं! मला रडू आलं, संतापही आला. मी डब्यातली नोंद उघडली. पंख्याचा वेग शून्य. त्याखालीच माझा हुकूम: मशीन बंद.

"काका, पंखा काहून थांबला होता?"

"मीच आज वायर काढली ना त्याची," काका उठून बसले. "त्यात रुई गुतते, मंग डबा अजून तापते. म्हणून पंखा बंद केला अन् डबा कूलरसमोर ठेवला. वजनकाट्याचा कॉम्प्युटरबी आमी तसाच ठेवतो. थंडगार होता बाप्पा!"

नोंदीत तापमान पाहिलं. खरंच थंडगार. काका बरोबर, ते परदेशातले गृहस्थ बरोबर, आणि चूक एकट्या माझी. अस्सा राग आला स्वतःचा!

सकाळी काकांना घेऊन जिनिंगवर गेले. "शेठजी, डबा यांनी नाही, मी बंद केला," म्हटलं, आणि नोंद पुढ्यात ठेवली. त्यांनी त्यातला बंद करायचा हुकूम आणि त्याची वेळ बघितली, घसा खाकरला आणि म्हणाले, "बरं बरं, लागा कामाला." मी जागची हलले नाही. "बोललात सगळ्यांदेखत, तर परतही सगळ्यांदेखत घ्या." हमाल काम थांबवून पाहत होते. शेठजींनी शब्द परत घेतला.

संध्याकाळी ड्रायव्हर उघडून बसले. तापमान, व्होल्टेज, वेग, इशारा, एवढं ठेवलं. काका चहाचा कप घेऊन शेजारी टेकले.

"काय खोडून राह्यली?"

"पंखा थांबला तं मशीन बंद करायचं, ते."

"अन् आता थांबला तं?"

"शून्य दाखवीन फक्त."

"हां. शून्य हाये तं शून्य सांग," काका म्हणाले. "काहून हाये, ते मले विचारत जाय."