फर्माईश बंद

पोलादाचा प्लांट उभा होऊन राहिला होता तवाची गोष्ट. आमचे हे दिवसभर गर्डर चढवायच्या कामावर, अन् सुट्टीच्या दिवशी शेजारच्या सुपेल्याच्या बँडपार्टीत सॅक्सोफोन वाजवत. धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकायनं गावचं वाजंत्रीचं काम सोडलं होतं. पाटलाच्या दारात डफडं बडवायचं अन् उष्ट्याची वाट पाहायची, कोणाले पाहिजे ते? म्हणून कामगारायच्या कॅम्प-1 मधल्या आमच्या वस्तीले ह्यायचा सॅक्सोफोन डोळ्यात खुपे.

वस्तीच्या बैठकीत म्हाताऱ्या अध्यक्षानं सरळच विचारलं, "आपण वाजवणं सोडलं ना बावा? मंग तू कावून फुकून राहिला? तो बाजा खाली ठेव, नाही तं बैठकीत येऊ नको."

मले असा संताप आला! पण हे शांत. म्हणाले, "हुकमानं वाजवणं सोडलं जी. वाजवणं नाही सोडत."

पुढच्याच लग्नात एका ठेकेदारानं सिनेमाच्या गाण्याची फर्माईश केली. ह्यायनं नाही म्हटलं अन् आपल्या मनचंच काही सुरू केलं. ना मुखडा, ना ठेका. नवरदेवाची घोडी बिचकली बाप्पा! बँडमास्तरनं तिथंच काढून टाकलं. झालं, ना घरचे ना घाटचे.

मी म्हटलं, "आता मागं सरान तं याद राखा. फुका!"

मंग रोज ड्युटीवरून आले की मैदानात. लोक म्हणत, रेडा रेकून राहिला. म्हणोत. हळूहळू शिकणारे येऊ लागले. आज त्यायचेही चेले वाजवतात, अन् अट तीच, फर्माईश घ्यायची नाही. नातू म्हणते, विलायतेत याले फ्री जॅझ म्हणतात. माय वो, आमी तं फर्माईश-बंद म्हणत होतो.

पण मैदानातल्या वाजवण्याले चार-पाच वर्षंच झाली असतीन तवा, एका संध्याकाळी तोच अध्यक्ष दारात उभा. मी भांडायले पदर खोचला. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. ह्यायले म्हणे, "पोरीचं लग्न हाये. बाजा घेऊन ये."

हे इतके गडबडले, की इतक्या वर्षांची जिद्द विसरून बँडवाल्याच्या सवयीनं विचारून बसले, "काय वाजवू जी?"

म्हातारा असा भडकला! "मले कावून विचारून राहिला बे?"