तुळशीच्या कुंडीतली चिलटं

गुंगालिनकरांनो, आज माझ्या तुळशीचं दुखणं शेजारच्या डेव्हने ओळखलं. तो गांजाची दोन झाडं लावतो, इथे कॅनबेरात कायद्याने तेवढी चालतात.

थंडीमुळे कुंडी घरात आहे. पानं पिवळी पडली होती आणि मातीतून बारीक चिलटं उडत होती. मी कुंडी फेन्सवरून त्याच्याकडे दिली.

त्याने मातीत बोट खुपसलं. "टू मच वॉटर, मेट. माझ्या झाडांनाही हेच झालं होतं. किती वेळा घालतेस?"

"रोज. आंघोळ झाली की."

आई तसंच घालायची. ती एप्रिलमध्ये पुण्यात कोविडने गेली. ऑस्ट्रेलियाची बॉर्डर बंद होती, मी सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. रडू अजून आलेलं नाही. रोजचं पाणी तेवढं चुकलं नाही.

"दोन आठवडे पाणी बंद," डेव्ह म्हणाला.

उद्या आंघोळ झाल्यावर मी काय करू?